एप्रिलच्या आत

मेंढ्यांचे दात बघायचे ते ऑक्टोबरात, एडके सोडायच्या आधी. डोंगरावरच्या चारशे मेंढ्या खाली आणून वाडग्यात कोंडायच्या आणि एकेक अडवायची. अडवायचं काम हेविनचं, माझ्या नवऱ्याचं. माझे सासरे मेरिग अंगठ्याने मेंढीचा खालचा ओठ ओढून बघायचे. दात धड असले तर "राहू दे", हलत किंवा पडलेले असले तर "काढ". "काढ" म्हटलं की मी तिच्या पाठीवर खडूची रेघ ओढायची. दात गेलेली मेंढी आमच्या डोंगरावरच्या राठ गवतावर हिवाळा काढत नाही. तिला बाजारात नेऊन खालच्या सपाटीवरच्या लोकांना विकायचं, तिथलं गवत मऊ असतं.

त्या वर्षी पाऊस तिरका येत होता आणि हेविनचा गुडघा दुखत होता. एक मेंढी त्याच्या हातून निसटली.

"पोरा, धर की नीट," म्हातारा म्हणाला.

पोर बावन्न वर्षांचं होतं. केस माझ्याआधी पांढरे झालेले. ट्रॅक्टरला टायर घ्यायचं झालं तरी त्याला बापाकडे जाऊन उभं राहावं लागायचं, कारण जमीन बापाच्या नावावर, मेंढ्या बापाच्या नावावर, चेकवर सही बापाची. आमच्या वेल्समधल्या सगळ्या खोऱ्यात हीच रीत. बाप मरेपर्यंत मुलगा पोरच. याला निव्वळ हट्ट म्हणता येणार नाही. गावातला हिशेबनीस तीस वर्षं सगळ्यांना हेच सांगत आला होता, की जिवंतपणी देऊ नका, मरेपर्यंत नावावर ठेवा, शेतजमिनीला वारसा कर नाही, आपोआप पोराला जाईल. सगळ्यांनी ऐकलं.

मग सरकारने कायदा बदलला. येत्या एप्रिलपासून मोठ्या शेतीलाही वारसा कर लागणार. तोच हिशेबनीस, तेच पेन घेऊन आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसला आणि म्हणाला, मुलाच्या नावावर आधीच करायला हवं होतं.

"आता केलं तर?" हेविनने विचारलं.

"आता केलं तर बाबांनी पुढची सात वर्षं जगायला हवं."

म्हातारा त्र्याऐंशीचा, हृदयाचा दुखणेकरी. त्याने चहाचा कप खाली ठेवला. "आणि मी एप्रिलच्या आत मेलो तर?"

हिशेबनीस हसला. मग त्याच्या लक्षात आलं की म्हातारा हसत नाहीये. "तर जुना कायदा," तो म्हणाला. "काही भरावं लागणार नाही."

आणि एप्रिलनंतर गेला तर पावणेदोन लाख पौंड. दहा वर्षांत दहा हप्ते. बऱ्या वर्षी आमच्या हातात जेवढे उरतात, जवळजवळ तेवढाच एक हप्ता. म्हणजे डोंगर विकायचा.

डोंगर विकायचा म्हणजे काय, हे मला या घरात आल्यावर बऱ्याच वर्षांनी कळलं. मी बसड्रायव्हरची मुलगी. माझा बाप गेला तेव्हा मागे एक घड्याळ आणि एक पोपट ठेवून गेला, आणि पोपट मी घेतला नाही. आमच्या डोंगराला कुंपण नाही. तरी आमची मेंढी शेजाऱ्याच्या डोंगरावर जात नाही, कारण तिच्या आईने तिला ओढा कुठला, खडक कुठला, वारं अडवणारी घळ कुठली हे पायांनी शिकवलेलं असतं. त्या आईला तिच्या आईने. एकदा कळप मोडला की ती जाण विकत मिळत नाही. नवीन मेंढ्या सोडल्या तर सैरावैरा जातात. मेरिगचे आजोबा, बाप, मेरिग आणि हेविन अशी माणसं बदलली, मेंढ्यांची ओळ तीच राहिली.

बाजारात त्या शरदात एकच विनोद चालू होता. कठड्याला टेकून उभे राहिलेले म्हातारे एकमेकांना म्हणायचे, "अजून आहेस? पोराचा काही विचार कर."

आमचा शेजारी इद्वाल सासऱ्यांना म्हणाला, "मेरिग, एप्रिलच्या आत उरक बाबा. मेमध्ये मेलास तर शवपेटी वाहायला येणार नाही मी."

"तुझ्या आधी जाऊन तुझ्यासाठी जागा धरून ठेवतो," म्हातारा म्हणाला, आणि सगळे हसले. मीही हसले. परतताना म्हातारा मागच्या रिकाम्या ट्रेलरकडे वळून वळून बघत होता. खडूच्या रेघेच्या सव्वीस मेंढ्या विकून आलो होतो, तेवढ्यांचाच रिकामेपणा असेल असं मला वाटलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी एलेरी जेवायला आली. एलेरी माझी नणंद, हेविनहून चार वर्षांनी लहान, जिल्ह्याच्या मोठ्या इस्पितळात नर्स. मी मटण भाजलं होतं, बटाटे, कोबी. कराचा विषय काढायचा नाही असं मी हेविनला बजावलं होतं. त्याने बटाटे वाढून घेण्याआधीच काढला. ट्रॅक्टर घेऊन लंडनला निघालेल्या मोर्चात तो मागच्या वर्षी गेला होता, आणि पुन्हा जायचं म्हणत होता.

"जा," एलेरी म्हणाली. "पण माझ्याकडून टाळ्यांची अपेक्षा करू नकोस, दादा."

"म्हणजे कर लावला ते बरोबर?"

"काल माझ्या वॉर्डाबाहेर अकरा माणसं कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर होती. त्यात एक बाई बाबाच्या वयाची. तिचे कपडे बदलायला आम्ही दोघींनी चादर धरून आडोसा केला. पैसा कुठून आणायचा? मी राबते, माझ्या पगारातून दर महिन्याला कापून घेतात. आणि बावीस लाखांची जमीन बापाकडून मुलाकडे जाते, तिच्यावर एक पेनी नको?"

"बावीस लाख कागदावर आहेत. डोंगर काय पावाला लावून खाऊ? विकला तरच पैसा, आणि विकला तर मी उद्या सकाळी उठून काय करू?"

"आमच्याकडे फरशी पुसते त्या बाईचा मुलगा काय करतो? त्याला कोणी डोंगर ठेवलाय?"

"हा कायदा लंडनच्या श्रीमंतांसाठी आणला," हेविनचा आवाज चढला. "कर चुकवायला जमिनी घेऊन ठेवतात ते. त्यांना धरा ना. मी छत्तीस वर्षं या चिखलात आहे, पगार न घेता. मला आयतं मिळतंय म्हणतेस?"

"राबलास, कोण नाही म्हणतं. पण मला एक सांग. हा डोंगर हवा का म्हणून मला कधी कोणी विचारलं?"

कोबीचं भांडं माझ्या हातात तसंच राहिलं.

"तुला शिकवलं," म्हातारा म्हणाला. जेवण सुरू झाल्यापासून तो पहिल्यांदा बोलला.

"हो बाबा. मला शिकवलंस, त्याला डोंगर देणार होतास. आणि दिलाही नाहीस. बावन्न वर्षांचा झाला, अजून टायरला पैसे मागतो तुझ्याकडे. तेव्हाच दिला असतास तर आज हे बोलणंच नव्हतं."

खरं होतं ते. म्हाताऱ्याने मटणाचा एक तुकडा कापून खाली कुत्र्याला टाकला, आणि आमच्या घरात जेवताना कुत्र्याला टाकायचं नाही हा नियम त्याचाच होता.

निघताना एलेरी वाकून त्याच्या बुटांच्या वर बघू लागली. "पाय सुजलेत तुझे. गोळ्या घेतोस ना?"

"नेस्ता देते."

"रोज हातावर ठेवते मी," मी म्हणाले. खरंच ठेवत होते. सकाळच्या चहाबरोबर दोन गोळ्या, एक पांढरी गोल आणि एक लांबट.

नोव्हेंबरच्या पाच तारखेला एडके सोडले. एडक्याच्या छातीला तेलात कालवलेला रंग फासायचा. तो मेंढीवर चढला की तिच्या पाठीला रंग लागतो आणि कुठल्या मेंढीला एडका लागला ते कळतं. सतरा दिवसांनी रंग बदलायचा, म्हणजे कोण आधी विणार आणि कोण नंतर, तेही कळतं. आधी लाल, मग निळा. रंग कालवायचं काम कायम हेविनचं. मी पातळ करते असं त्याचं म्हणणं, सत्तावीस वर्षांत त्याने मला त्या डब्यांना हात लावू दिला नव्हता.

सतरा दिवस झाले त्या सकाळी तो दारातून म्हणाला, "निळा तू कालव. मी वरच्या कुंपणाला जातो."

"पातळ झाला तर बोलायचं नाही."

"नाही बोलणार," तो म्हणाला आणि मॉटला, कुत्र्याला, शीळ घालून गेला.

निळ्या भुकटीचा डबा शेडमध्ये फळीवर होता. मी चमचा घातला तर खाली काहीतरी करकरलं. खडे असतील म्हणून हाताने उपसलं. खडे नव्हते. निळ्या झालेल्या गोळ्या होत्या, गोल आणि लांबट. मी त्या पोत्यावर ओतून मोजायला लागले. ऐंशीपर्यंत मोजल्या आणि थांबले. माझे हात कोपरापर्यंत निळे झाले होते.

म्हातारा शेडच्या दुसऱ्या टोकाला बादली उपडी घालून बसला होता, सुरीला धार लावत. आता त्याला बसूनच सगळं करावं लागायचं. मी मूठ त्याच्यासमोर उघडली.

"हे काय, बाबा?"

त्याने धार लावता लावताच बघितलं. "रंगात पडल्या वाटतं."

"ऐंशी?"

"मोजल्यास होय." तो धार लावायचा थांबला. "दात गेलेल्या मेंढीचं आपण काय करतो?"

"विकतो. मारत नाही."

"डोंगरावर ठेवत नाही. ती दुसरीचं गवत खाते."

"तुम्ही मेंढी नाही."

"मेंढी असतो तर कर लागला नसता," म्हातारा म्हणाला.

मला हसू आलं. एवढंसंच, नाकातून. पण आलं, आणि त्यानेही हसून माझ्याकडे बघितलं, जणू आमच्यात काहीतरी ठरलं. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

"हेविनला सांगू नकोस," तो म्हणाला. "कळून तो गप्प राहिला तर जन्मभर कुढेल. बोलला तर डोंगर जाईल. त्याला दोन्हीकडून मरण. तुझं तसं नाही."

"माझं कसं आहे?"

"तू बाहेरची. तुला झेपेल."

सत्तावीस वर्षं. त्याच्या बायकोचं शेवटचं आजारपण मी काढलं, त्याच्या मेंढ्यांच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालून कोकरं ओढली, त्याच्या पायाची नखं मी कापते. तो मायेनेच म्हणाला, मला ठाऊक आहे. पण मला ते इतकं लागलं की मी मूठ मिटली आणि रंग कालवायला गेले. पातळच झाला. हेविन काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहाबरोबर दोन गोळ्या म्हाताऱ्याच्या हातावर ठेवल्या. त्याने माझ्याकडे बघितलं, त्या तोंडात टाकल्या, वर चहाचा घोट घेतला आणि गाल किंचित फुगवून शेडकडे गेला. मी खिडकीतून त्याची पाठ बघत होते. असं अकरा दिवस चाललं. मी रोज ठरवायची, आज एलेरीला फोन करीन. मग मनात यायचं, केला तर तो वाचेल, आणि वाचला तर एप्रिल उजाडेल. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी, मार्च असे महिने मी भांडी घासताना मोजले आहेत. म्हाताऱ्यावर माझा जीव होता. तरी मोजले. मी बाहेरची आहे हे मला सिद्ध करायचं होतं, की मी घरचीच आहे हे, मला सांगता येणार नाही.

हेविन त्या दिवसांत फार कमी बोलायचा. जेवताना मान वर करून माझ्याकडे बघायचा, मी काही बोलते का असं, आणि पुन्हा ताटात बघायचा. मला वाटायचं, त्याला कराची चिंता आहे.

बाराव्या दिवशी सकाळी म्हाताऱ्याला अंगणाच्या तीन पायऱ्या चढवेनात. दुसरीवरच बसला. ओठ काळेनिळे, छातीत पाणी उकळल्यासारखा आवाज. मी धावत जाऊन एलेरीला फोन केला.

"झोपवू नकोस त्याला, बसवून ठेव," ती म्हणाली. "रुग्णवाहिका मागवते. वहिनी, गोळ्या चालू आहेत ना?"

"रोज हातावर ठेवते," मी म्हणाले.

रुग्णवाहिका यायला साडेचार तास लागले. तोवर हेविन बापाच्या पाठीशी पायरीवर बसून होता, छातीला त्याची पाठ टेकवून, जशी तो दात बघायला मेंढी धरतो. इस्पितळात खाट नव्हती. सासऱ्यांना कॉरिडॉरमध्ये ट्रॉलीवर ठेवलं. एलेरीने आपल्या अंगावरचा कोट काढून त्यांच्या पायावर घातला. कपडे बदलताना आम्ही दोघींनी चादर धरली.

म्हाताऱ्याने तोंडावरचा प्राणवायूचा मुखवटा बाजूला केला. "तुझं बरोबर होतं," तो तिला म्हणाला. "जागाच नाहीये."

एलेरी त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली. तिथे तिचं ऐकून सगळे डॉक्टर येतील अशी माझी कल्पना होती. तिचं कोणी ऐकत नव्हतं, सगळे नुसते धावत होते. पाचव्या दिवशी, वॉर्डात खाट मिळाल्यावर, पहाटे ते गेले.

चॅपल भरून लोक आले. थंडी एवढी होती की गाणाऱ्यांच्या तोंडून वाफ दिसत होती. बाहेर पडताना इद्वालने हेविनचा हात दोन्ही हातांत धरला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. शवपेटी त्यानेही वाहिली होती.

"वेळेवर गेला," तो म्हणाला. "शेवटपर्यंत शहाणा माणूस."

हेविनने मान हलवली. मागे उभ्या असलेल्या तिघा-चौघांनी हळू आवाजात तेच म्हटलं. वाईट मनाने कोणीच म्हणालं नाही.

मग नाताळ दोन दिवसांवर आला. पाऊस थांबत नव्हता. हेविन दुपारी चारा टाकून आला, मोजे चुलीवर वाळत घातले. मी रेडिओ लावला होता, ऐकायला नव्हे, घरात आवाज हवा म्हणून. बातम्यांत सांगितलं की शेतकऱ्यांचं ऐकून सरकारने वारसा कराची मर्यादा वाढवली आहे. पंचवीस लाख पौंडांपर्यंतच्या शेतीला आता काही लागणार नाही. एप्रिलनंतरही नाही.

आमची बावीसची.

हेविनने हातातली सूपची वाटी खाली ठेवली. "बाबांना सांगतो," तो म्हणाला आणि उठला. छत्तीस वर्षांची सवय. तो अनवाणी म्हाताऱ्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेला, कडीवर हात ठेवला, आणि तिथेच थांबला. मग परत येऊन दाराजवळच्या बाकावर बसला, जिथे बसून म्हातारा बूट घालायचा. म्हाताऱ्याचे बूट अजून खाली होते, चिखल वाळलेले.

आता मला पोटात ठेवणं शक्यच नव्हतं. मी रेडिओ बंद केला.

"त्यांनी गोळ्या सोडल्या होत्या, हेविन. एप्रिलच्या आत जायचं म्हणून. मला ठाऊक होतं. अकरा दिवस मी गप्प बसले. तुला सांगू नकोस म्हणाले, आणि मी नाही सांगितलं. एलेरीलाही नाही."

त्याने वर बघितलं नाही. बुटावरचा वाळका चिखल तो नखाने काढत होता.

"मला अठ्ठावीस," तो म्हणाला.

"काय अठ्ठावीस?"

"दिवस. लाल कालवला त्या दिवशी निळा किती उरलाय म्हणून बघितलं मी. डबा उघडला आणि परत लावला." त्याने दुसरा बूट ओढून घेतला. "मला त्यांना विचारता येईना. कधी काही विचारलंच नव्हतं ना, टायर सोडून. विचारायचं म्हटलं की मनात डोंगर यायचा. म्हणून निळा कालवायला तुला पाठवलं."

मी खाली बसले.

"तुला सापडतील, तू धडधडीत बोलशील, असं वाटलं. तू कोणाला भीत नाहीस. रोज जेवताना वाट बघायचो मी." त्याच्या हातातला चिखल फरशीवर पडला. "मग वाटलं, तूही डोंगराचंच बघतेयस. मग तुझ्याकडे बघवेना."

बाहेर वाडग्याच्या फाटकाशी मेंढ्या गोळा झाल्या होत्या, लाल पाठीच्या आणि निळ्या पाठीच्या, त्या पावसातसुद्धा निळा अजून गेला नव्हता. इतका पातळ कालवला होता, तरी.

फोन वाजायला लागला. एलेरी असणार. इस्पितळातही रेडिओ असतो. पहिलीच गोष्ट ती म्हणणार होती, वहिनी, ऐकलंस का. आणि मग मला तिच्याशी बोलावं लागणार होतं. फोन बराच वेळ वाजत राहिला, थांबला, पुन्हा वाजायला लागला. मी हेविनकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. आमच्यापैकी कोणीच उठलं नाही.